केकताडाचा दोर

आमच्या गावच्या घरात दोर आणि मांजर यांचं वैर होतं. माजघराच्या तुळईला शिंकं टांगलेलं, त्यात दुधाचं पातेलं, कधी लोण्याचा गोळा. खाली मनी मान वर करून बसलेली. बोक्याच्या नशिबाने शिंकं तुटतं म्हणतात. आमचं कधी तुटलं नाही. दोर केकताडाचा होता, आणि आजी दर पोळ्याला तो ओढून, ताणून बघायची.

केकताड आमच्याकडे कोणी मुद्दाम लावत नसे. बांधावर, ओढ्याच्या काठाला ते आपलं वाढायचं. जाड, गरदार पानं, टोकाला सुईएवढा काटा. पुस्तकांत त्याला घायपात म्हणतात. वर्षानुवर्षं नुसती पानं असतात, मग एकदाच मधून दोन-तीन पुरुष उंचीचा दांडा निघतो, त्याला फुलं येतात आणि झाड मरतं. पोळा जवळ आला की मातंग वस्तीतली माणसं ही पानं कापून न्यायची, ओढ्याच्या पाण्यात कुजत घालायची आणि मग बडवून, धुऊन वाख काढायची. पानाच्या रसाने अंगाला खाज सुटते. कुजवणाचा वास असा की आम्ही पोरं नाक दाबून तिथून पळायचो. काढणारे मात्र दिवसभर त्याच पाण्यात उभे. वाख वाळला की पीळ घालायचं काम. एक जण फिरकी फिरवायचा, दुसरा वाख सोडत मागे मागे सरकायचा आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चऱ्हाट तयार व्हायचं. त्यातून कासरे, वेसणी, म्होरक्या, दावी, विहिरीचा सोल, आणि उरलंसुरलं आमच्या शिंक्याला. बदल्यात सुगीला बलुतं. त्या कष्टांना ते धान्य थोडं होतं, हे तेव्हाही दिसत होतं. बोलत कोणी नव्हतं.

मनीला खेळणी कोणी आणली नाहीत. तिच्यासाठी वेगळं सामानही नव्हतं. माळवदाच्या घरात मधला खांब होता. रोज झोपेतून उठली की ती त्यावर पुढचे पाय टेकून अंग ताणायची आणि खरडखरड नखं ओढायची. त्या उंचीवर खांबाचं लाकूड पांढरं पडलं होतं. कणगीमागे उंदीर, वळचणीला चिमण्या, परसात सरडे, रात्री गावभरच्या बोक्यांची भांडणं. दिवस भरून काम होतं तिला. आजी तिला घरचं माणूस म्हणायची नाही, पण सुगीत धान्य आत आलं की मनी कुठंय, हे दोनदा विचारायची.

आता पुण्यात चौथ्या मजल्यावर माझ्याकडे सुंठ आहे. रंगावरून लेकीने ठेवलेलं नाव. पार्किंगमध्ये भिजलेली सापडली आणि वर आली ती वरच राहिली. खाली रस्ता आहे, कुत्री आहेत, म्हणून खिडक्यांना जाळी आणि दाराला कायम कडी. आमच्या घराकडे मांजराच्या डोळ्यांनी पाहिलं तर ते फार दरिद्री घर आहे. जमिनीला गुळगुळीत फरशी, ओट्याला ग्रॅनाइट, कपाटांना सनमायका, खिडक्यांना ॲल्युमिनियम. नख रुतेल अशी एकच वस्तू: सोफा. सुंठने सोफ्याचा हात निवडला. यात खोडसाळपणा कुठे आहे, मला अजून कळलेलं नाही. घरात दुसरा खांबच नव्हता.

मांजर नखांना धार लावतं असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते जुनी खोळ उतरवतं. नखावरचा बाहेरचा थर सुटून येतो आणि आतून नवं टोकदार नख निघतं. सोफ्याखाली झाडताना अर्धचंद्राकृती पापुद्रे मिळतात ते हेच. शिवाय या ताणण्यात खांदे, पाठ, पंजे सगळ्यांचा व्यायाम होतो. आणि तिसरी गोष्ट, मला सर्वांत आवडलेली: पंज्याच्या गाद्यांमध्ये गंधग्रंथी असतात. ओरखडा दिसतो आपल्याला, वास कळतो तिला. म्हणून हे काम ती कोपऱ्यात, अडगळीत करत नाही. माणसं बसतात तिथे, येण्याजाण्याच्या वाटेवर, झोपायच्या जागेशेजारी करते. जिथे आपला वास असतो तिथे तिला तिचा ठेवायचा असतो.

एवढं समजलं की दुकानातले बहुतेक खांब बाद होतात. मांजरीच्या निम्म्या उंचीचे, हात लावला तरी डुलणारे, वर एक पिसाचा गोंडा. त्यांचा ग्राहक माणूस असतो. मांजराला पूर्ण ताणून उभं राहता आलं पाहिजे, म्हणजे खांब तीन फूट तरी हवा. आणि तिने सगळं वजन टाकलं तरी हलता कामा नये. एकदा खांब अंगावर आला की ती पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाही. गालिचा गुंडाळलेले खांब मला मुळीच पटत नाहीत. हा गालिचा तुझा आणि तो माझा, हा फरक तिने कशावरून ओळखायचा? नायलॉनचा दोर घसरतो. काथ्या चालतो, पण कुसं फार सोडतो. सगळ्यांत टिकाऊ दोर सिसलचा, असं जो तो सांगत होता.

सिसल हे मेक्सिकोतल्या युकातानचं बंदर. तिथून हा वाख जहाजात चढायचा, म्हणून त्या बंदराचं नाव त्याला चिकटलं. आणि तो निघतो कशातून, तर आमच्या केकताडाच्याच घराण्यातल्या झाडातून. गावाकडे आता बैलांच्या गळ्यात रंगीत नायलॉन आहे, बैल तरी किती उरलेत म्हणा. ओढ्याकाठचं ते काम थांबून पुष्कळ वर्षं झाली. तोच वाख माझ्या दिवाणखान्यात आला तो मांजरीसाठी, आणि कासऱ्याला कधी मिळाली नाही एवढी किंमत लावून.

खांब शेवटी सुतारांकडून करून घेतला. खाली दोन फुटी चौकोनी जाड प्लाय, वर चार इंची सागाचा ओंडका, खालून स्क्रू. दोर आम्ही मायलेकींनी गुंडाळला. ८ मिलिमीटर जाडीचा दोर १० सेंटिमीटर व्यासाच्या तीन फुटी खांबाला ३५ ते ४० मीटर लागतो, आणि प्रत्येक वेढा आधीच्याला घट्ट भिडवावा लागतो, नाहीतर नख अडकतं. दुसऱ्या दिवशी बोटांची सालं निघाली. खांब ठेवला सोफ्याच्या त्याच हाताशेजारी. हाताला काही दिवस दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावली, कारण पंज्याला चिकचिक त्यांना खपत नाही. सुंठने आधी खांबाचा वास घेतला, मग त्याच्याकडे पाठ करून बसली, आणि दुपारची झोप काढून उठली ती थेट त्यावर.

काही देशांत या भांडणावर दुसरा उपाय करतात: नखं काढून टाकतात. नखासोबत बोटाचं शेवटचं हाडही जातं. न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली त्यावर बंदी आणली, ब्रिटनमध्येही ते बेकायदा आहे. सोफ्यासाठी बोटाचं पेर. याहून जास्त मला त्यावर लिहवत नाही.

खेळण्यांचा प्रश्न मात्र खांबाएवढा सरळ सुटला नाही. आई गावाहून आली तेव्हा पिसांची काठी, घुंगराचे चेंडू, कापडी उंदीर अशी टोपली बघून म्हणाली, "तुला तरी कुठं घेतली होती आम्ही एवढी?" खरं आहे. पण मनीकडे उंदीर होते. सुंठचे उंदीर आम्ही जाळी लावून बंद केले आहेत, तेव्हा त्यांची भरपाई करणं हा लाड नाही, देणं आहे. दबा धरणं, पाठलाग, झडप, चावा आणि मग खाणं, ही तिची पूर्ण पाळी. खेळणं असं हवं की ती पाळी शेवटाला जाईल. म्हणून भिंतीवर पळणारा लेझरचा लाल ठिपका मला आवडत नाही. पकडला तरी पंज्याखाली काही नसतं. बिचारी नंतर कितीतरी वेळ भिंत हुंगत बसते. काठीच्या टोकाचं पीस हलवायचं ते सरड्याच्या चालीने, दाराआड लपत, तिच्यापासून दूर जात. तोंडासमोर नाचवलेलं पीस तिला मूर्खपणाचं वाटतं. कुठला उंदीर स्वतःहून तोंडाशी येईल? शेवटी पीस पकडू द्यायचं आणि लगेच खायला द्यायचं. संध्याकाळी हे झालं की पहाटेचं उधळणं बरंच कमी होतं.

काठी मात्र खेळ संपला की कपाटात. डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं: दोरा, रबर, मांजा, गणपतीच्या मखराच्या झिरमिळ्या, काही खाली ठेवू नका. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. दोरा एकदा तोंडात गेला की थुंकता येत नाही, आतच ओढला जातो, आणि आतडं त्यावर गोळा होत जातं.

विकतच्या खेळण्यांपैकी निम्म्यांत कॅटनिप असतं. त्याचं वेड सगळ्याच मांजरांना नसतं, ते रक्तात असावं लागतं. सुंठला नाही. पण पावसाळ्यात सोसायटीच्या कुंपणाशी खोकली उगवते. तिची बोंडुकं पेल्यांत बसवल्यासारखी, कोणीही तण म्हणून उपटतं. तिचं ताजं मूळ मांजरांना झिंग आणतं. लेकीने एकदा माळीदादांनी उपटून टाकलेलं एक मूळ वर आणलं. सुंठने ते गालाला घासलं, चावलं, त्यावर लोळली आणि मग छताकडे बघत पडून राहिली. तिथे फुकट उगवणारं आणि पाकिटातून विमानाने येणारं यांचा हिशेब लेकीने मला मोबाइलवर करून दाखवला.

खांबाचा मधला भाग आता विस्कटला आहे. तो नवा करण्याची घाई करू नये, झिजलेल्या जागीच तिचा वास असतो. पण दोर खिळ्यापाशी सुटायला लागला तेव्हा या उन्हाळ्यात रविवार पेठेत गेले. सुतळी-दोऱ्यांचं जुनं दुकान, गल्ल्यावर चष्मा कपाळाला लावलेले काका.

"चाळीस मीटर द्या. आठ एमएम."

"झोपाळ्याला नाही चालायचा हं हा, ताई."

"मांजरीला हवाय."

"बांधायला? एवढा?"

"ओरबाडायला. खांबाला गुंडाळायचाय."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, कापायला काढलेला दोर परत गुंडाळला आणि आतल्या पोराला दुसरं बंडल आणायला सांगितलं.

"मग हा नका नेऊ. ह्याला तेल मारलेलंय, वास येतो. तो कोरडा न्या. आमची गोदामात त्याच्यावरच नखं काढते, ह्या तेलाच्याला बघत पण नाही." दोर मोजता मोजता ते थांबले. "पण आमची उंदीर धरते. तुमची?"