दुखानचा हिवाळा, आईबाबा आणि ओरिक्स

कतारमध्ये हिवाळा म्हणजे पाहुण्यांचा मोसम. नोव्हेंबरात हवा सुखद झाली की गावाकडून आईवडील, सासूसासरे यायला लागतात. मग मराठी घरांचा कार्यक्रम ठरलेला असतो: सूक वाकिफ, कॉर्निश, इस्लामी कलेचं संग्रहालय आणि उरलेल्या संध्याकाळी मॉल. आम्ही राहतो दुखानला, दोहापासून सुमारे ८० किलोमीटर पश्चिमेला. माझा नवरा इथल्या तेलक्षेत्रात काम करतो. आईबाबा आले तेव्हा मी ठरवलं, दोहा नंतर. आधी त्यांना आमचा हा पश्चिम किनारा दाखवायचा. तोही गाडीच्या काचेआडून नाही, तर चालत, सायकलवर आणि होडीतून.

बाबांनी वाईच्या शाळेत भूगोल शिकवला. गालापागोस बेटं हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. प्रशांत महासागरात, इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून जवळजवळ हजार किलोमीटर आत, ज्वालामुखींतून वर आलेली ती बेटं आणि माणसाला न बिचकणारे तिथले प्राणी यांबद्दल ते घरीही तासन्‌तास बोलायचे. १९५९ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि बेटांची सुमारे ९७ टक्के जमीन त्यात आली. तिथे वाटाड्याशिवाय हिंडता येत नाही आणि प्राण्यांपासून किमान दोन मीटर दूर राहावं लागतं. दिवसा चालायचं, वल्हवायचं, प्राणी पाहायचे आणि रात्री मऊ अंथरुणावर झोपायचं, अशी तिथल्या सहलींची रीत. एवढा लांबचा प्रवास आता आईच्या गुडघ्यांना आणि बाबांच्या रक्तदाबाला झेपणारा नव्हता. पण ती रीत आपल्याला दुखानला पाळता येईल, असं मला वाटलं.

डिसेंबरात कतारच्या राष्ट्रीय दिनाची, म्हणजे १८ तारखेची सुट्टी जोडून आम्ही झिक्रीतजवळ मुक्काम ठोकला. तंबू होता, पण त्यात पलंग होते, लागूनच न्हाणीघर आणि गरम पाणी होतं. आईसाठी मी उंच बैठकीची खुर्ची मागून घेतली होती. शेगडीवर करक चहा उकळत होता आणि माझ्या डब्यात थालीपिठाची भाजणी होती. चूल, पाणी, झोप आणि संडास यांची काळजी मिटली की आईचं सगळं लक्ष आजूबाजूला लागतं, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे.

पहिल्या सकाळी आम्ही खडकांकडे निघालो. झिक्रीतच्या द्वीपकल्पावर वाऱ्याने कोरलेली पठारं आणि छत्रीसारखे सुळके आहेत. वर टणक थर, खाली मऊ थर. वाळू घेऊन येणारा वारा खालचा भाग झिजवत जातो आणि वरचं झाकण तसंच राहतं. बाबांनी एका सुळक्याला हात लावला आणि म्हणाले, "हे तर आपलं पाचगणीचं टेबललँड, लहान करून मांडलेलं!" मग नातवाला जवळ घेऊन त्यांनी फरकही सांगितला. पाचगणीच्या माथ्यावर जांभ्या दगडाचं कवच आहे आणि खाली काळा बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. इथला दगड मात्र चुनखडीचा आणि जिप्समचा, उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला. माझ्या मुलाला एका दगडात शिंपल्याचा ठसा सापडला. त्याने तो उचलून खिशात घालायला हात पुढे केला, तेव्हा बाबा म्हणाले, "राजा, हात लाव, बघ आणि तिथेच ठेव. तुझ्यानंतर येणाऱ्या मुलालाही तो सापडला पाहिजे." सगळ्या सुट्टीचा नियम त्या वाक्याने ठरला.

तिथून पुढे सायकली घेतल्या. रुंद चाकांच्या आणि बॅटरीची साथ असलेल्या. बाबांनी नोकरीची कितीतरी वर्षं सायकलवरून शाळा गाठली आहे; त्यामुळे त्यांनी ब्रेक तपासले, बैठक खाली घेतली आणि ते सरळ निघाले. चढ आला की बॅटरी चालू, सपाटी आली की बंद. आई वाटाड्याबरोबर गाडीत होती आणि प्रत्येक थांब्यावर पाणी आणि खजूर घेऊन आमची वाट पाहत होती. वाटाड्या सुदानचा, मितभाषी. त्याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: चाकं मळलेल्या वाटेवरच ठेवा. कतारात वर्षभरात जेमतेम ७५ ते ८० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला श्रावणातल्या एखाद्या दिवशी याहून जास्त कोसळतो. एवढ्याशा ओलीवर जी झुडपं तगतात, ती एका गाडीखाली चिरडली की परत यायला वर्षं लागतात. किनाऱ्याजवळच्या सब्ख्यावर, म्हणजे खारट चिखलाच्या सपाटीवर, वरून कोरडी दिसणारी पापडी असते आणि खाली दलदल. त्या पापडीवर उमटलेले जुने चाकांचे माग आम्हांला स्पष्ट दिसले. वाळवंट सारं सोसतं, असं आपण समजतो. पण तिथे एकदा झालेली जखम लवकर भरत नाही.

दुपारी जेवून, पडून, ऊन कलल्यावर आम्ही पाण्यावर गेलो. झिक्रीतच्या खाडीत किनाऱ्यालगत पाणी उथळ आणि संथ असतं. कयाकमध्ये बसायला तरंगता धक्का होता, त्यामुळे आईला गुडघे फारसे मोडावे लागले नाहीत. लाइफ जॅकेट चढवताना ती मला म्हणाली, "अगं, कृष्णेच्या घाटावर आयुष्य गेलं, पण मी कधी नावेत बसले नाही." दोन माणसांच्या कयाकमध्ये ती पुढे आणि मागे वाटाड्या. सुरुवातीला तिने वल्हं नुसतं धरून ठेवलं. मग एकदा पाण्यात बुडवलं, ओढलं, आणि कयाक पुढे सरकल्याचं तिला जाणवलं. त्यानंतर तिने वल्हं खाली ठेवलंच नाही. परत येताना तिचा चेहरा मी पाहिला. आईला इतकं मोकळं हसताना पाहून मला भरून आलं.

इथलं पाणी फार खारट. देशात एकही नदी नाही, पाऊस नगण्य आणि उथळ आखातावर ऊन तापत असतं, त्यामुळे पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. तरीही हे पाणी ओसाड नाही. या भागात समुद्री गवताची कुरणं आहेत आणि त्यांवर डुगाँग चरतात. मोठे, शांत, शाकाहारी सस्तन प्राणी. आपल्याकडे ते तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या उपसागरात आहेत. १९८६ साली कतार आणि बहरीन यांच्यामधल्या समुद्रात सहाशेहून अधिक डुगाँगांचा एकच जमाव आकाशातून पाहिला गेला होता. ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल डुगाँगांची सर्वांत मोठी वस्ती अरबी आखातात मानली जाते. आम्हांला एकही दिसला नाही. पण आपल्या वल्ह्याखाली त्यांचं कुरण असू शकतं, एवढ्या जाणिवेनेही आम्ही हळू वल्हवू लागलो.

पश्चिमेला क्षितिजावर हवार बेटांची रेघ दिसत होती. ती कतारच्या किनाऱ्याला अगदी लागून आहेत, पण २००१ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या निकालाने बहरीनकडे राहिली. तिथे सोकोत्रा पाणकावळ्यांची जगातली एक फार मोठी वसाहत आहे. सूर्य खाली आला तसे ते पाणकावळे लाटांच्या अगदी वरून, लांबच लांब काळ्या रांगेत जाऊ लागले. एक रांग संपेपर्यंत दुसरी येत होती. बाबांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढलीच नाही. माणसांनी आखलेली सीमा ते पक्षी रोज ओलांडतात, इकडे मासे खातात आणि तिकडे पिल्लं वाढवतात. त्यांचं जगणं दोन्ही किनाऱ्यांवर अवलंबून आहे, म्हणून जबाबदारीही दोन्ही किनाऱ्यांची.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही रास अब्रूकच्या राखीव भागात गेलो. ज्यासाठी मी ही सारी खटपट केली होती, ते तिथे होतं. एका सखल जागी, करड्या झुडपांमध्ये, अरबी ओरिक्सचा कळप उभा होता. शुभ्र अंग, गडद पाय आणि मागे गेलेली, जवळजवळ सरळ, लांब शिंगं. वाटाड्याने बऱ्याच अंतरावर गाडी थांबवून इंजिन बंद केलं. मुलगा कुजबुजला, "अजून जवळ जाऊ या ना." बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जवळ गेलो तर ते पळतील. मग आपल्याला पळणारे ओरिक्स दिसतील, जगणारे नाही." आम्ही थांबलो. थोड्या वेळाने कळपाने आमच्याकडे बघणं सोडलं आणि चरायला सुरुवात केली. पिल्लू आईच्या पोटाखाली घुसलं. ते सगळं आम्हांला दिसलं, कारण आम्ही पुढे गेलो नाही.

कतारच्या विमानांच्या शेपटीवर हे डोकं रोज दिसतं, २००६ च्या दोहा आशियाई क्रीडास्पर्धेचा शुभंकरही ओरिक्सच होता. पण हा प्राणी एकदा रानातून पूर्ण संपला होता. मोटारी आणि आधुनिक बंदुका वाळवंटात आल्या आणि शिकार वाढत गेली. १९७२ साली ओमानमध्ये शेवटचे रानटी ओरिक्स मारले गेले. त्याआधीच, १९६२ साली काही लोकांनी मूठभर ओरिक्स पकडून त्यांना वाचवण्याची मोहीम काढली होती. अमेरिकेतल्या फीनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात त्यांचा कळप वाढवला गेला आणि १९८२ साली ओमानच्या वाळवंटात ते पुन्हा सोडले गेले. कतारनेही आपले कळप जपले. २०११ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने ओरिक्सला 'संकटग्रस्त' यादीतून काढून 'असुरक्षित' या त्याहून कमी धोक्याच्या वर्गात आणलं. रानातून नामशेष झालेला एखादा प्राणी इतका सावरल्याचं ते पहिलं उदाहरण होतं.

जवळच शहामृगं फिरत होती. मुलगा आनंदाने ओरडणार होता, पण त्याने स्वतःच तोंडावर हात धरला. वाटाड्या म्हणाला, ही आफ्रिकेतली. अरबस्तानाचं स्वतःचं शहामृग विसाव्या शतकाच्या मध्यावर संपलं, त्याच्यासाठी कोणी वेळेत धावलं नाही. त्या सखल भागात एका बाजूला परत आलेला प्राणी होता आणि दुसऱ्या बाजूला कधीच परत न येणाऱ्याच्या जागी आणलेला त्याचा भाऊबंद. वेळेवर काळजी घेणं म्हणजे काय, हे मुलाला याहून स्पष्ट कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नसतं.

संध्याकाळी आम्ही रिचर्ड सेरा यांचं शिल्प पाहायला गेलो. २०१४ साली त्यांनी इथे वाळवंटात पोलादाचे चार प्रचंड पत्रे एका रेषेत उभे केले. एक किलोमीटरहून लांब पसरलेली ही रचना. दोन पत्रे १४.७ मीटर उंच आणि दोन १६.७ मीटर. जमिनीला चढउतार असल्यामुळे उंची वेगवेगळी, पण माथे मात्र एका पातळीत, दोन्ही बाजूंच्या पठारांशी जुळणारे. भूगोलाच्या शिक्षकाला ते लगेच समजलं. बाबा काठी घेऊन पहिल्यापासून चौथ्यापर्यंत सावकाश चालले, प्रत्येक पत्र्यापाशी थांबून क्षितिजाशी माथा जुळवून पाहत. गाडी दुसऱ्या टोकाला उभी होती, म्हणून परत चालत यायची चिंता नव्हती. तेवढ्या एका सोयीमुळे ते अखेरपर्यंत जाऊ शकले.

रात्री नवरा मुलाला या भूमीच्या पोटातली गोष्ट सांगत होता. दुखानखाली खडकांच्या थरांना पडलेली एक लांबलचक घडी आहे. ज्युरासिक काळातल्या चुनखडीत तेल त्या घडीत अडकलं. १९३८ साली इथे पहिली विहीर खोदायला घेतली, युद्धामुळे काम थांबलं आणि १९४९ च्या डिसेंबरात कतारचं पहिलं तेल जहाजातून बाहेर गेलं. आमचं घर, माझ्या मुलाची शाळा, आईबाबांचं विमानाचं तिकीट, सारं त्या तेलातून आलं आहे. म्हणूनच मला वाटतं, इथे राहून कमावणाऱ्या आम्हा लोकांनी या जमिनीचं वरचं जगणंही ओळखलं पाहिजे: झुडूप, पाणकावळा, ओरिक्स. त्याची काळजी आपली नाही, असं म्हणण्याचा हक्क आम्हांला नाही.

साहस तरुणांसाठी आणि आराम म्हाताऱ्यांसाठी, अशी वाटणी आपल्या मनात पक्की असते. आईबाबांना पाहून मला ती मान्य करता येत नाही. त्यांना अडवत होती ती गैरसोय, वय नव्हे. उंच खुर्ची, होडीत चढायचा धक्का, बॅटरीची सायकल, दुसऱ्या टोकाला उभी गाडी, दुपारची झोप: एवढं मिळालं आणि ते रानात आमच्याइतकेच मोकळे वावरले. उलट पाहण्यात ते आमच्या पुढे होते, कारण त्यांना कुठे पोहोचायची घाई नव्हती. अंतर राखायला आणि वाट पाहायला त्यांना शिकवावं लागलं नाही.

म्हणून आखाती देशांतल्या मराठी घरांना माझी कळकळीची विनंती आहे. यंदा आईवडील आले की मॉलची एक संध्याकाळ कमी करा. त्यांच्या औषधांची वेळ, गुडघे आणि झोप नीट विचारून घ्या, जाणकार वाटाड्या घ्या, मळलेली वाट सोडू नका, दुर्बीण बरोबर ठेवा आणि त्यांना पश्चिमेकडे घेऊन या. कयाकची पुढची जागा त्यांना द्या. ते मागे राहतील या भीतीने आपण त्यांना घरात बसवतो. त्यांना पुढे बसवून पाहा.