घासणे आणि घसारा

बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला घसारा नावाची एक चीज शिकवतात. वस्तू जसजशी जुनी होते तसतशी तिची किंमत दरसाल थोडी थोडी उतरवत न्यायची, याला म्हणतात घसारा. खुर्ची, टेबल, पंखा, मोटार, सगळ्यांना तो लागतो. बँकेतल्या कारकुनालाही लागतो, फक्त ताळेबंदात दाखवत नाहीत. याला अपवाद म्हणजे जुनं नाणं. पण त्यालाही घसारा लावता येतो. तो वयाने लागत नाही, घासण्याने लागतो.

आणि घासणं हा तर आपला कुळधर्म! घरात धातूची वस्तू जरा काळवंडली की चिंच, लिंबू, मीठ, राख, रांगोळी अशी सगळी शस्त्रं बाहेर पडतात. त्यातून आमच्या आईचं माहेर कसबा पेठेत, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. तांब्यात तोंड दिसलं नाही तर तो तांब्याच नव्हे, अशा मताची ती बाई.

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाची एक डबी आहे. तिच्यात व्हिक्टोरिया राणीचा रुपया आहे, ११.६६ ग्रॅम वजनाचा, शंभरात जवळजवळ ९२ भाग चांदी. १९४३ ते १९४७ या काळातला भोकाचा पैसा आहे. १९६८ ते १९७१ या वर्षांत निघालेलं कमळाचं पिवळं वीस पैशांचं नाणं आहे. त्यात सोनं आहे अशी आवई उठली आणि घरोघरी ते देव्हाऱ्यात जाऊन बसलं. सोनं नव्हतंच, पण देव्हाऱ्यातून पुन्हा खाली कोण आणणार? आणि आहे एक शिवराई. १६७४ साली महाराजांना राज्याभिषेक झाला त्या सुमारास सुरू झालेलं हे तांब्याचं नाणं पुढे इंग्रजी अमलातही बाजारात फिरत होतं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. आमच्या शिवराईवरची अक्षरं मात्र आता बोट फिरवून वाचावी लागतात.

दरवर्षी दिवाळीला या मंडळींना अभ्यंगस्नान! आधी आजी घासत असे, मग आई. राणीला एकेकाळी चांगलं धारदार नाक होतं म्हणे. आता तिथे सपाट मैदान आहे. जुन्या बाजारातल्या एका नाणेवाल्याला तो रुपया दाखवला, तर त्याने तो नुसता तळहातावर तोलला आणि म्हणाला, “चांदीचा भाव देईन.”

त्याच्याच शेजारी उकिडव्या बसलेल्या एका जाणत्या संग्राहकाने मला उभ्याउभ्या ज्ञान दिलं. तांब्यावरचा तो तपकिरी-काळा थर म्हणजे मळ नव्हे, ते नाण्याचं कातडं. चिंचेतलं आम्ल ते कातडं सोलून काढतं. खाली निघतो तो गुलाबी, उघडा जीव. चांदीवरचा काळेपणा गंधकाचा असतो. रांगोळीने घासला की त्याच्याबरोबर चांदीही जाते. मग करायचं काय? शक्यतो काहीच नाही. अगदीच माती बसली असेल तर बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात नाणं भिजत टाकावं, दररोज पाणी बदलावं, मऊ कापडावर टिपून घ्यावं. टिपावं, पुसू नये! चिकटा असेल तर अॅसिटोन, पण खिडकी उघडी ठेवून आणि निरांजनापासून दूर. हिरवी भुकटी सुटत असेल तर तो तांब्याचा रोग; ते नाणं वेगळं, कोरडं ठेवून जाणकाराकडे न्यावं. धरायचं ते कडेने. आणि पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नये, त्यातून कालांतराने चिकट हिरवट द्रव सुटतो.

हे सगळं मी घरी येऊन आईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं,

“म्हणजे देवापुढे पारोसं ठेवायचं?”

या प्रश्नाला रसायनशास्त्रात उत्तर नाही. मी म्हटलं, “अगं, आणखी चार दिवाळ्या घासलीस तर ‘छत्रपति’ पुसलं जाईल. मग ती शिवराई आहे हे आपल्या नातवंडांना कशावरून कळणार?”

महाराजांचं नाव निघाल्यावर ती विचारात पडली. इतक्यात स्वयंपाकघरातून सौ. म्हणाल्या, “अहो, त्या पाण्यात बुडवलं म्हणजे आंघोळ झालीच की! घासलंच पाहिजे असं कुठे आहे? तुम्ही रविवारी घासता का अंग?”

माझा मुद्दा माझ्याच अंगावर शेकून मान्य झाला. आता शिवराईला डिस्टिल्ड पाण्याची बुडी, मग कोरड्या हवेतली स्वतंत्र डबी. पूजेच्या दिवशी ती कडेने धरून बाहेर काढायची, हळदकुंकू नाण्यावर न वाहता ताम्हनात वाहायचं, असा तह झाला.

राणीचा रुपया मात्र आईने सोडला नाही. मी नाणेवाल्याचं बोलणं ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, “चांदीचा भाव देतो काय? त्याला म्हणावं, सासूने आणि सुनेने मिळून साठ-सत्तर वर्षं घासलेला असा दुसरा रुपया आणून दाखव!”

असा रुपया बाजारात नाही, हे खरंच. तेव्हा राणी तिच्याकडेच आहे, आणि दर दिवाळीला रांगोळीने न्हाते. एकदा नाक गेल्यावर आणखी जायचं काय राहिलंय!