एका गेमच्या चार प्रती

२००८ च्या एप्रिलमध्ये आयपीएल सुरू झाली, पण आमच्या कॉम्प्युटरवरच्या क्रिकेटला तिचा पत्ताच नव्हता. ईए स्पोर्ट्‌सचा ‘क्रिकेट ०७’ २००६ च्या अखेरीस आला होता आणि त्यानंतर त्या कंपनीने पीसीसाठी क्रिकेटचा दुसरा गेम काढलाच नाही. मग चेन्नईचा पिवळा आणि मुंबईचा निळा आणायचा कुणी? तो आणला हौशी पोरांनी. त्यांनी जर्सी रंगवल्या, बॅटवरचे स्टिकर बदलले, मैदानं सजवली, संघांच्या याद्या नव्याने लिहिल्या आणि सगळ्याची मोट बांधून ‘पॅच’ म्हणून फुकट वाटून टाकली. तो गेम इतकी वर्षं टिकला तो या पोरांच्या जिवावर.

आम्ही तेव्हा दिल्लीत, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी हॉस्टेलात राहत होतो. हॉस्टेल हे नुसतं नाव. केंद्र सरकारच्या नोकरदारांची बिऱ्हाडं तिथे असत. जुनी माणसं त्या रस्त्याला अजून कर्झन रोडच म्हणत. एका टोकाला कॅनॉट प्लेस, दुसऱ्या टोकाला इंडिया गेट, मध्ये चार्ल्स कोरियांनी बांधलेली ब्रिटिश कौन्सिलची इमारत आणि तिच्या दर्शनी भिंतीवर हॉवर्ड हॉजकिन यांचं काळ्या-पांढऱ्या दगडातलं मोठं झाड. त्या झाडाकडे बघत आम्ही पालिका बाजारात जायचो. जमिनीखालच्या त्या बाजारात गेमच्या सीडी रांगेने लावलेल्या असत. ‘भैया, आयपीएल वाला पॅच आया क्या?’ असं विचारलं की दुकानदार गल्ल्याखालून एक कोरी दिसणारी सीडी काढायचा. तिच्यावर मार्करने फक्त महिना लिहिलेला असे.

घरी एमटीएनएलचं ब्रॉडबँड होतं, २५६ केबीपीएसचं. तासभरात जेमतेम शंभर एमबी उतरायचे. सातशे एमबीच्या पॅचला अख्खी रात्र लागे. बाबा झोपायला जाताना मॉनिटर बंद करायला सांगत आणि सीपीयूचा दिवा तेवढा अंधारात लुकलुकत राही.

पॅच टाकायचा म्हणजे जुन्या फाइलवर नवी फाइल चढवायची. विंडोज एकदा विचारायचं, फाइल बदलू का? हो म्हटलं की जुनी कायमची गेली. आयपीएलचा पॅच टाकल्यावर पुन्हा विश्वचषक खेळावासा वाटला तर परतीची वाट नसे. त्यामुळे आमच्या ८० जीबीच्या हार्ड डिस्कवर एकाच गेमच्या चार प्रती नांदत होत्या. फोल्डरांची नावं होती ‘क्रिकेट आयपीएल’, ‘क्रिकेट वर्ल्ड कप’, ‘क्रिकेट ट्रायल’ आणि ‘क्रिकेट मूळ – हात लावू नये’. नवा पॅच आला की ‘मूळ’ची नक्कल काढायची आणि तिच्यावर प्रयोग करायचे. गेममध्ये हौशींनी केलेल्या अशा बदलाला ‘मॉड’ म्हणतात. मॉड मॅनेजर म्हणतात त्याचं सगळं काम आम्ही कॉपी आणि पेस्टने करत होतो.

खरी कसोटी लागली ती ‘ऑब्लिव्हियन’च्या वेळी. बेथेस्डाचा हा गेमही २००६ चाच. खालच्या मजल्यावरच्या तमिळ मित्राने नेहरू प्लेसहून ग्राफिक्स कार्ड आणलं आणि आमचा मुक्काम त्याच्या घरी हलला. या गेममध्ये एक खोट होती. आपली पातळी वाढली की रस्त्यावरचे लुटारूही आपल्याबरोबर वाढत. शेवटी शेवटी फाटका दरोडेखोर काचेचं महागडं चिलखत घालून शंभर नाण्यांसाठी वाट अडवायचा. ही खोट काढणारा ‘ऑस्कुरोज ऑब्लिव्हियन ओव्हरहॉल’ नावाचा मोठा मॉड होता. जंगलात नवे प्राणी सोडणारा ‘मार्टिजेन्स मॉन्स्टर मॉड’ही होता. दोन्ही हवेत, आणि कुठे कोण भेटणार हे ठरवणाऱ्या त्याच त्या याद्यांवर दोघांचे हात. गेमचा नियम साधा: जो शेवटी लोड होईल त्याचं खरं.

शेवटी कोण लोड होणार, हे ठरायचं फाइलच्या तारखेवरून. जुन्या तारखेची फाइल आधी, नव्या तारखेची नंतर. म्हणजे क्रम बदलायचा तर फाइलची तारीख बदलायची. मित्राच्या टेबलावर त्यासाठी एक दोनशे पानी वही होती. डाव्या पानावर प्लगइनची, म्हणजे मॉडच्या मुख्य फाइलींची नावं, उजव्या पानावर प्रत्येकाला दिलेली तारीख. मधे नवा मॉड घुसवायचा तर दोन तारखांच्या मधली तारीख शोधावी लागे. खालच्या ओळी खोडून पुन्हा लिहाव्या लागत. ‘ऑब्लिव्हियन मॉड मॅनेजर’ आल्यावर तारखा बदलणं माउसने होऊ लागलं. ‘राय बॅश’ नावाचं टूल तर भांडणाऱ्या मॉडच्या याद्या एकत्र करून त्यांचा समेट घडवायचं. तरी वही सुटली नाही, कारण कुठला मॉड का घेतला हे फक्त तिच्यात होतं.

११ नोव्हेंबर २०११ ला ‘ऑब्लिव्हियन’च्याच मालिकेतला ‘स्कायरिम’ आला आणि मॉडचं जग कितीतरी पटींनी मोठं झालं. नेक्सस या मॉडच्या संकेतस्थळाचा ‘नेक्सस मॉड मॅनेजर’ लोकांच्या हाती आला. एका बटणात मॉड आत, एका बटणात बाहेर. तरीही तो फाइली गेमच्या ‘डेटा’ फोल्डरमध्येच नेऊन टाकायचा. शंभरएक मॉड झाले की तिथे मूळ काय आणि उपरं काय हे ओळखता येत नसे.

यावर टॅनिन या टोपणनावाच्या प्रोग्रामरने काढलेला तोडगा मला आजही थोर वाटतो. त्याच्या ‘मॉड ऑर्गनायझर’मध्ये प्रत्येक मॉड आपापल्या फोल्डरमध्ये राहतो आणि गेमच्या फोल्डरला बोटही लागत नाही. गेम ऑर्गनायझरमधून सुरू केला की तेवढ्यापुरता त्याला सगळ्या मॉडचा मिळून एक आभासी फोल्डर दिसतो. नकाशावर एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसं हे आहे. वरच्या कागदावरची रेघ खालची झाकते, पण पुसत नाही. शिवाय त्यात प्रोफाइल असतात. एका प्रोफाइलमध्ये बर्फ, वादळ आणि भूक. दुसऱ्यात नुसत्या देखण्या इमारती. गेम मात्र एकच. आमच्या चार प्रतींनी जे साधलं होतं ते टॅनिनने एका प्रतीत करून दाखवलं. पुढे तो नेक्ससकडे गेला आणि तिथे ‘व्हॉर्टेक्स’ लिहिला. ‘मॉड ऑर्गनायझर २’ इतर स्वयंसेवकांनी चालू ठेवला.

गेल्या हिवाळ्यात त्याच रस्त्यावर, २०१३ साली उघडलेल्या नव्या महाराष्ट्र सदनाच्या कँटीनमध्ये भाच्याबरोबर मिसळ खात होतो. तो नोएडात शिकतो. त्याच्या लॅपटॉपवर ‘स्कायरिम स्पेशल एडिशन’ आणि मनात हजारभर मॉडची यादी. ‘मामा, व्हॉर्टेक्स घेऊ की एमओ-टू? तू काय घेशील?’

मी विचारलं, किती मॉड आणि किती खोलात जायचंय? पन्नाससाठ मॉड असतील, आणि ‘स्टारड्यू व्हॅली’ वगैरे दुसऱ्या गेमसाठीही तोच मॅनेजर वापरायचा असेल, तर व्हॉर्टेक्स सुखाचा. तो मॉडच्या फाइलींचे हार्डलिंक, म्हणजे त्याच फाइलींची दुसरी नावं, गेमच्या फोल्डरमध्ये लावतो, त्यामुळे मॉडचा साठा आणि गेम एकाच ड्राइव्हवर लागतात. दोन मॉड भांडले की कोण आधी आणि कोण नंतर एवढा नियम सांगायचा, बाकी तो बघतो. लूट नावाचा क्रम लावणारा सहायक त्याच्या पोटातच आहे. नवख्याला हे पुरतं, आणि यात काही कमीपणा नाही.

पण हजार मॉड म्हणजे वेगळा कारभार. तिथे मी डोळे झाकून ऑर्गनायझर सांगतो. डावीकडे मॉडची रांग असते, ती हाताने वरखाली करता येते. ज्या मॉडची एखादी फाइल दुसऱ्याखाली दबली त्याच्यासमोर विजेचं चिन्ह उमटतं. आत गेलं की कुठली फाइल कोणी दाबली ते एकेक करून वाचता येतं. उजवीकडे प्लगइनचा क्रम वेगळा असतो. फाइलींचं भांडण आणि प्लगइनचं भांडण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या दोन रकान्यांमुळे जितकं पटकन कळतं तितकं कुठल्याही लेखाने कळणार नाही. एक पथ्य आहे: गेम आणि त्याच्याशी निगडित प्रत्येक टूल ऑर्गनायझरमधूनच सुरू करायचं, नाहीतर त्यांना मॉड दिसत नाहीत. शिवाय साध्या प्लगइनची मर्यादा २५४ आहे. त्यापुढे जायचं तर हलके प्लगइन घ्यावे लागतात, ते ४०९६ पर्यंत चालतात.

भाच्याने तिसरा रस्ता काढला. ‘वाबाजॅक नाहीतर कलेक्शन लावतो ना. सगळं तयार मिळतं.’ हजार मॉड कुणीतरी निवडून, क्रम लावून, जुळवून ठेवलेले. आपण फक्त उतरवायचे. मला या गोष्टीबद्दल आदर आहे, कारण ज्यांनी त्या याद्या बांधल्या त्यांनी आमच्या वहीचंच काम केलं, तेही हजार पटींनी. तरी मी त्याला अडवलं. तयार यादीतला एक मॉड नकोसा झाला की तो काढल्यावर काय कोसळेल हे यादी लावणाऱ्याला ठाऊक असतं, उतरवणाऱ्याला नाही. गेमची नवी आवृत्ती आली की मॉडना जादा ताकद देणारा ‘स्क्रिप्ट एक्स्टेंडर’ अडतो आणि त्याच्यावर उभे असलेले मॉडही अडतात. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ‘अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन’ आली तेव्हा जगभर हेच झालं. आपल्या मॉडची नावं ज्याला माहीत होती तो शांतपणे थांबला. बाकीचे हवालदिल झाले.

पालिका बाजाराची ती फेरी, रात्रभर चाललेलं डाउनलोड आणि मित्राच्या टेबलाशी खेटून बसणं आता कुणाच्या वाट्याला येणार नाही, आणि मला त्याची रुखरुख आहे. तो मित्र चेन्नईला गेला, वही त्याच्याकडेच आहे. आम्हाला प्रत्येक फाइल नावाने ठाऊक होती, कारण प्रत्येकीची वाट आम्ही रात्रभर बघितली होती. ऑर्गनायझरमध्ये प्रत्येक मॉडला टिपण लिहायची जागा आहे. भाच्याला मी ती दाखवली आणि म्हटलं, का घेतलास ते एका ओळीत लिही.

त्याने ऑर्गनायझर घेतला. परवा रात्री त्याचा फोन आला. रस्त्याच्या दगडांचं एकच टेक्श्चर दोन मॉड बदलतायत, विजेचं चिन्ह आलंय, कोणाला वर ठेवू? मी म्हटलं, आधी एकाला ठेव आणि गेममधल्या व्हाइटरन शहराच्या वेशीपर्यंत चालत जा. मग दुसऱ्याला वर घे आणि तीच वाट पुन्हा चाल. फाइल आता कुठे जात नाही.