पाचवं अक्षर

२०२१ साली आम्ही दोघं घरून काम करत मंचेरियलला आई-बाबांकडे राहत होतो. बायकोला दिवस गेलेले होते, आठवा आठवडा. नेहमीच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन १०.४ आलं. त्यात विशेष काही नव्हतं, पण डॉक्टरबाईंनी एमसीव्ही नावाच्या आकड्याभोवती पेनाने गोल केला. तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान. तिच्या पेशी फारच लहान होत्या. "एचबीए-टू करून घ्या," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून, "तुम्हीसुद्धा."

मला हसू आलं. मी लहानपणापासून 'फिकट' म्हणूनच ओळखला जातो. शाळेत असताना एका डॉक्टरांनी दोन वर्षं लोहाचं टॉनिक पाजलं होतं. त्या काळ्या औषधाची चव अजून जिभेवर आहे, हिमोग्लोबिन मात्र होतं तिथेच राहिलं.

रिपोर्ट आला. एचबीए-टू साधारण साडेतीनच्या वर गेलं की माणूस बीटा थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शक्यता मोठी. तिचं ५.४, माझं ५.१. एकच वाहक असेल तर काही बिघडत नाही, आयुष्य छान जातं. दोघंही असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता, की बाळाला थॅलेसेमिया मेजर असेल. म्हणजे दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, आणि त्या रक्तातून शरीरात साठणारं लोह बाहेर काढायला रोज औषध. जन्मभर.

मग दोघांच्या जीनची तपासणी झाली. दोन कागद, दोन्हींवर एकच ओळ: आयव्हीएस १-५, जीच्या जागी सी. भारतात बीटा थॅलेसेमियाचा हाच दोष सर्वांत जास्त सापडतो. समुपदेशक म्हणाल्या, "स्प्लायसिंगचा दोष आहे." एवढ्या एका वाक्यावर मला झोप लागेना. माझ्या धंद्यात एका अक्षराची चूक म्हणजे रोजचं काम, तासाभरात दुरुस्त. इथे चूक कळली होती, ओळ क्रमांकासकट, आणि हात लावता येत नव्हता. निदान ती काय बिघडवते ते तरी समजून घ्यावं, म्हणून रात्री वाचायला बसलो. वाचता वाचता जिथे पोचलो ती जागा रक्ताची नव्हतीच. ते यीस्ट होतं.

आमच्याकडे यीस्टची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. गावाबाहेर ताडाला आणि शिंदीला मडकी बांधलेली दिसतात. सकाळी उतरवलेला गोड रस दुपारपर्यंत फेसाळतो, तो यीस्टमुळे. पाव फुगवणारा सॅकरोमायसीस हाच जीव त्यातही असतो. एकच पेशी, ना रक्त ना हाडं, पण पेशीच्या आतली यंत्रणा बरीचशी आपल्यासारखी. शिवाय दीड तासात दुप्पट होतो, म्हणून प्रयोगाला सोयीचा.

डीएनएतल्या जीनची आरएनएमध्ये नक्कल उतरते, ते ट्रान्सक्रिप्शन. ती नक्कल करणारं यंत्र म्हणजे आरएनए पॉलिमरेज. पण नक्कल जशीच्या तशी उपयोगाची नसते. मध्ये मध्ये बिनकामाचे तुकडे असतात, त्यांना इंट्रॉन म्हणतात. ते कापून उरलेली टोकं जोडायची, ते स्प्लायसिंग. जीन असे तुकड्यातुकड्यांत असतात हे १९७७ मध्ये रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांच्या कामातून कळलं. १९९३ चं नोबेल त्यालाच मिळालं. आमच्या रिपोर्टमधलं 'आयव्हीएस' म्हणजे हाच मधला तुकडा. १ म्हणजे पहिला, आणि ५ म्हणजे त्यातलं पाचवं अक्षर.

माणसाच्या बहुतेक जीनमध्ये इंट्रॉन असतात, बहुतेकांत अनेक. यीस्टच्या सुमारे सहा हजार जीनपैकी जेमतेम तीनशेंमध्ये, तोही बहुधा एकच. इतका सुटसुटीत नमुना असल्यामुळे कापणीचे भाग तिथे एकेक करून ओळखता आले. त्यात आपली माणसंही आहेत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या उषा विजयराघवन यांनी अमेरिकेत कॅलटेकला असताना यीस्टच्या अशा जाती शोधल्या, ज्यांची कापणी उष्णता वाढवली की अडते. ते काम १९८९ मध्ये प्रसिद्ध झालं. मुद्दाम बिघाड करून कुठे काय अडतं ते पाहायचं. ही पद्धत मला लगेच कळली, आम्हीही तेच करतो.

मी मात्र समजून चाललो होतो की आधी पूर्ण नक्कल होते आणि मग ती कापायला जाते. आधी हे काम, मग ते. प्रत्यक्षात नक्कल बाहेर पडत असतानाच कापणी सुरू होते. २०१६ मध्ये येल विद्यापीठातल्या गटाने यीस्टमध्ये हे मोजलं. पॉलिमरेज इंट्रॉन संपवून जेमतेम ४५ अक्षरं पुढे सरकतं, तोवर त्यांनी पाहिलेल्या जीनमध्ये निम्म्या नकलांमधला इंट्रॉन कापून झालेला असतो. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, मध्ये साठवण नाही.

हे मी बाबांना सांगितलं. बाबा सिंगरेणीतून निवृत्त झालेत, शेवटची बरीच वर्षं कोळसा हाताळणीच्या विभागात होते. ते म्हणाले, "म्हणजे आमचा पट्टाच की." कोळसा पट्ट्यावरून पुढे जात असतो आणि बाजूला उभी माणसं त्यातला दगड उचलून टाकतात. ढीग पडेपर्यंत कोण थांबतं? मग त्यांनी विचारलं, "दगड मोठा आला तर पट्टा थांबवतात का?"

हा प्रश्न मी विचारला नव्हता. शोधल्यावर उत्तर सापडलं: थांबवतात. एडिनबरोच्या जीन बेग्ज यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये दाखवलं की यीस्टमध्ये पॉलिमरेज इंट्रॉनच्या शेवटाजवळ क्षणभर थबकतं. कापणीची खूण बिघडवली की तो थांबा नाहीसा होतो, कापणी पुन्हा जमवून दिली की परत येतो. म्हणजे मागचा माणूस नुसता मागून येत नाही, पुढच्याच्या वेगावरही त्याचा हात असतो. बाबा एवढंच म्हणाले, "बरोबर आहे." जणू एडिनबरोवाल्यांनी त्यांना विचारूनच केलं असावं!

आता पाचवं अक्षर. इंट्रॉन कुठे सुरू होतो हे कापणाऱ्याला कसं कळतं? सुरुवातीच्या काही अक्षरांवरून. यीस्टमध्ये ती जवळजवळ ठरलेलीच असतात: जी-यू-ए-यू-जी-यू. पाचवं जी. माणसात थोडी ढिलाई चालते, पण पाचव्या जागी बहुतेकदा जीच असतो. यू-वन नावाचा छोटा आरएनए या अक्षरांशी जोडी जमवतो आणि तिथून कापणीची तयारी सुरू होते. १९८५ मध्ये रॉय पार्कर आणि क्रिस्टीन गथ्री यांनी यीस्टमध्ये नेमकं हे पाचवं अक्षर बदललं. कापणी मंदावली, आणि भलत्याच जागी होऊ लागली.

आमच्यातही तेच होतं. बीटा ग्लोबिनच्या त्या बदललेल्या जीनमध्ये यू-वनची पकड ढिली पडते. मग कापणारा आसपास त्याच्यासारख्या दिसणाऱ्या तीन भलत्या जागा धरतो. तिथे कापलेल्या नकलेतून कामाचं प्रथिन तयार होत नाही. कधीमधी बरोबर जागा सापडते, पण ती फारच थोड्या वेळा. जीनची दुसरी प्रत चांगली असली की भागतं. आमचं दोघांचं भागलं, इतकी वर्षं कळलंसुद्धा नाही.

आईला हे सगळं ऐकायचं नव्हतं. "त्या बाळाचं काय ते सांग," एवढंच ती म्हणायची, आणि तिचंच बरोबर होतं.

अकराव्या आठवड्यात आम्ही हैदराबादला गेलो. पोटातून सुई घालून वारेचा बारीकसा अंश काढतात, त्यातून बाळाचा जीन वाचतात. चार-साडेचार तासांच्या परतीच्या प्रवासात बायको खिडकीशी बसली होती. काझीपेट गेल्यावर म्हणाली, "मेजर असेल तर काय करायचं ते आज नको बोलूया." आम्ही पुढचे नऊ दिवस बोललो नाही. त्या नऊ दिवसांत मी एक ओळही वाचली नाही.

रिपोर्ट फोनवर आला. एक प्रत बिघडलेली, एक चांगली. आमच्यासारखाच वाहक. बायको स्वयंपाकघरात गेली, कुकरची शिट्टी झाली तरी गॅस बंद करायचं तिला सुचलं नाही. आईने येऊन केला.

मुलगा आता शाळेत जातो. फिकट आहे. कुणी टॉनिक लिहून दिलं की आम्ही आधी रिपोर्ट दाखवतो आणि शरीरातलं लोह तपासून घेतो. नंतर बाबांचीही तपासणी केली, दोष माझ्याकडे त्यांच्याकडूनच आलेला. म्हणजे काका, आणि काकांच्या मुलीही.

गेल्या दिवाळीत धाकट्या चुलत बहिणीचं लग्न ठरत होतं. काकूंनी कौतुकाने सांगितलं, छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले. मी विचारलं, "आणि एचबीए-टू?" काकू गोंधळल्या. "अरे, हे मुलाकडच्यांना सांगायचं कसं? मुलीत काहीतरी खोट आहे असं वाटेल त्यांना." बहीण काही बोलली नाही, तिने फक्त माझ्याकडे बघितलं.

बाबा पेपर वाचत होते. पेपर बाजूला ठेवून त्यांनी काकूंकडून नंबर घेतला आणि फोन लावला. आधी तब्येतपाणी, मग पाऊस, मग म्हणाले, "आमच्या घरात एक गोष्ट आहे, ती तुम्हाला सांगतो. माझ्यातही आहे. मुलाची एक साधी रक्ततपासणी करून घ्या, आमच्या मुलीचीही करतोय." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "नाही नाही, समजावून सांगतो ना. तुम्ही कोळशाचा पट्टा पाहिलाय का कधी?"