पुस्तक पाहावं काढून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून. म्हण इथेच का थांबते, हे मला अलीकडे कळेनासं झालं आहे. विहीर खणतानाही माणूस कर्जात बुडतो. कोर्टकचेरीत तर पिढ्या जातात. मग घर आणि लग्न हीच दोन का? खर्च हे कारण सगळे सांगतात, ते मला पुरेसं वाटत नाही. या दोन्ही कामांत राबणारे हात अनेक आणि नाव मात्र एकाचं लागतं. पत्रिकेत निमंत्रक म्हणून एकाचं, दारावरच्या पाटीवर एकाचं. आचारी, मांडववाले, गवंडी, बिगारी यांचे पैसे चुकते केले की ते पुढच्या कामाला निघून जातात. रीतच आहे ती, कुणाला वावगं वाटत नाही. पण पाटी ठोकताना एखादा घरमालक थबकत असेल. माझ्या हातात पाटीऐवजी मुखपृष्ठ होतं, आणि मी थबकले.

पुस्तक निघण्याची हकिकत चारचौघांसारखीच. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडे बाड पाठवलं. काहींचं उत्तर आलं नाही, एकांनी ललित लेखांना सध्या उठाव नाही असं सौजन्याने कळवलं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं, तो अर्जही आणून ठेवला होता. तेवढ्यात सोलापुरातलेच एक प्रकाशक तयार झाले. डेमी आकार, नऊ फॉर्म, म्हणजे १४४ पानं, पाचशे प्रती. एके काळी मराठीत हजाराच्या आवृत्तीचा रिवाज होता. आता पाचशे काढायच्या म्हणजे प्रकाशकाने चांगलाच भरवसा टाकला म्हणायचं.

अक्षरजुळणी विजापूर रोडवरच्या एका खोलीत झाली. जुळवणारा मुलगा घरी तेलुगू बोलणारा, पण ऱ्हस्व-दीर्घ त्याचं माझ्याहून पक्कं. पहिली प्रुफं हातात देताना त्याने एका वाक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘बाई, त्या पोरीचं पुढं काय झालं ओ?’’ माझं पुस्तक वाचून कुणीतरी विचारलेला हा पहिला प्रश्न. मला उत्तर माहीत नव्हतं, कारण ते वाक्य अण्णांचं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. नव्वदच्या सुमारास त्यांनी जुळे सोलापुरात प्लॉट घेतला. आज आसरा चौकात रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो, पण तेव्हा रात्री आमच्या बाजूला यायला रिक्षावाले तयार नसत. सगळी काळी माती. उन्हाळ्यात हात आत जाईल अशा भेगा आणि पावसाळ्यात फुगून वर आलेली. तिच्यावर पाया भरला की भिंतींना तडे ठरलेले, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणत जायचं. पतसंस्थेच्या कर्जातला मोठा हिस्सा असा जमिनीखाली गेला. जोतं वर आलं तेव्हा पाहुणे विचारायचे, ‘‘मास्तर, एवढे पैसे गेले कुठं?’’ अण्णा पायाने जमीन दाखवायचे.

मग पाणी. सोलापूरच्या माणसाला पाण्याचं वेगळं सांगायला नको. काही दिवसांआड यायचं आणि तेही रात्री-अपरात्री. स्लॅब पडल्यावर त्यावर मातीची आळी करून पाणी तुंबवून ठेवावं लागतं, ते आटलं तर स्लॅब कच्चा राहतो. नळाला धार लागली की अण्णा बॅटरी घेऊन वर जायचे आणि आम्ही भावंडं घागरी, बादल्या वर पोचवायचो. पोटऱ्या दुखायच्या. वर पोचल्यावर मात्र त्या पाण्यात चांदणं दिसायचं, आणि अण्णा खाली वाकून कुठून पाझरतंय का ते बघत असायचे. बाहेरून गिलावा व्हायला पुढे कितीतरी वर्षं गेली. विटांच्या उघड्या भिंतींच्या त्या घरात माझी दहावी झाली आणि ताईचं लग्नही झालं. म्हणीतली दोन्ही कामं अण्णांनी एकाच कर्जाच्या ओझ्याखाली उरकली.

या सगळ्याचा हिशेब त्यांनी एका लांबट, लाल पुठ्ठ्याच्या वहीत ठेवला होता. सिमेंटची पोती, सीनेच्या वाळूचे ब्रास, सळई, गवंड्याची उचल. शेवटी शेऱ्याचा अरुंद रकाना. एरवी कोरा राहणारा तो रकाना अण्णांनी भरला होता. ‘गवंडी आला नाही. पोरगं तापलंय.’ ‘टँकरवाल्याने आज पैसे घेतले नाहीत, का ते सांगितलं नाही.’ आणि ते वाक्य: ‘विटा कच्च्या निघाल्या. भट्टीवाल्याला बोललो नाही, त्याची मुलगी माझ्या वर्गात आहे.’

त्या एका नोंदीवर मी सहा पानं लिहिली. भट्टी, ती मुलगी, अण्णांचं गप्प बसणं. अण्णा जिथे थांबले तिथून मी सुरुवात केली. रकाना अरुंद म्हणून ते थांबले, की सांगायचं ते संपलं म्हणून? विचारायला आता ते नाहीत. माझ्या पुस्तकातले बरेच लेख या वहीवर उभे आहेत. मग या कामात मी घरमालक, की नुसती गवंडी?

अशा वेळी आधी बहिणाबाई चौधरी आठवतात. त्या १९५१ साली गेल्या आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली आली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी, पण त्यांनी आईच्या ओव्या घेऊन स्वतःची कविता केली नाही. टिपून ठेवलेलं तसंच आचार्य अत्र्यांना दाखवलं. अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली आणि पुस्तकावर नाव आईचं लागलं. पहिलं पुस्तक तिचं, ती नसताना. याहून सरळ वागणं मला सुचत नाही.

पण लगेच आमच्या सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली आठवतात. २००६ साली इथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. वनखात्याच्या नोकरीत आदिवासींकडून, जंगलात वावरणाऱ्या माणसांकडून ऐकलेलं कितीतरी त्यांच्या पुस्तकांत आहे. पुस्तकांवर नाव त्यांचं आहे आणि ते योग्यच आहे. त्यांनी आयुष्य जंगलात काढलं नसतं तर ते सगळं आपल्यापर्यंत पोचलंच नसतं. आणि अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे? १९८४ च्या ‘अक्करमाशी’त त्यांची आई आहे, आजी आहे. ते जगणं त्यांनीही भोगलेलं, म्हणून सांगण्याचा हक्कही त्यांचा. त्या न्यायाने घागरी मीही वाहिल्या आहेत. पण वीटभट्टीवाल्यासमोर गप्प उभे राहिले ते अण्णा. मी तेव्हा शाळेत होते.

अर्पणपत्रिकेत अण्णांचं नाव आहे, पण त्याने समाधान होत नाही. जे त्यांच्याकडून घेतलं तेच त्यांना अर्पण कसं करायचं? बहीण म्हणते, तू फार विचार करतेस, अण्णांना आनंदच झाला असता. झाला असता, यात शंका नाही. पण त्यांचा आनंद आणि त्यांचा हक्क एकच आहे का, हे मला ठरवता येत नाही. वही जशीच्या तशी छापली असती तर? कदाचित ती कुणी वाचली नसती. कदाचित माझ्या सहा पानांपेक्षा तिचीच दोन वाक्यं लोकांच्या लक्षात राहिली असती. त्या जुळणाऱ्या मुलाच्या तर राहिलीच.

१९५४ च्या कायद्याप्रमाणे नव्या पुस्तकाची प्रत प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवायची असते. तशा प्रती गेल्या आहेत, माझ्या नावाने. दुसरी आवृत्ती निघालीच तर मुखपृष्ठावर दोन नावं घालावीत का, याबद्दल ज्यांनी पुस्तक वाचलं आहे त्यांनी मला जरूर कळवावं. आणि नव्वदच्या सुमारास सोलापुरात वीटभट्टी असलेल्या घरातली, मास्तरांच्या वर्गात शिकलेली ती मुलगी हे वाचत असेल, तर तिने आधी कळवावं.