पहिली ओळ पिवळीच होती

मेरीलँड राज्याच्या विधिमंडळाचं अधिवेशन जानेवारीतल्या दुसऱ्या बुधवारी दुपारी बाराला सुरू होतं आणि मोजून नव्वद दिवस चालतं. एप्रिलमधल्या एका सोमवारी मध्यरात्री ते संपतं आणि तोवर जे मंजूर झालं नाही ते त्या वर्षापुरतं गेलं. या नव्वद दिवसांत मी घरी असून नसल्यासारखी असते, हे घरच्यांच्या अंगवळणी पडलं आहे. मी इथल्या एका मध्यम आकाराच्या काउंटीच्या सरकारात काम करते. राजधानी अ‍ॅनापोलिसमध्ये काय शिजतंय, त्यातलं काय आमच्या भल्याचं आणि काय आमच्या मुळावर येणारं, यावर डोळा ठेवणं हे आमच्या तीन माणसांच्या विभागाचं काम. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी. शाळांचा खर्च, तुरुंग, अग्निशमन, रस्ते, वाचनालयं हे सगळं तिच्या गळ्यात. कर बसवायचे अधिकार मात्र राज्य देईल तेवढेच.

अधिवेशन हा शब्द मी लहानपणी घरातच ऐकला. बाबा विदर्भातल्या एका जिल्हा परिषदेत बांधकाम विभागात होते. डिसेंबर आला की नागपूरचं हिवाळी अधिवेशन, आणि अधिवेशन लागलं की रजा बंद. कुठल्या तरी आमदाराने कुठल्या तरी पुलावर तारांकित प्रश्न टाकलेला असायचा, आणि त्याचं उत्तर तयार करायला बाबा रात्री अकरापर्यंत कार्यालयात बसायचे. आता जानेवारीत त्यांचा फोन येतो. "लागलं का तुमचं?" मी हो म्हणते. मग ते नवीन कायद्यांबद्दल विचारतात आणि दरवेळी त्यांचा प्रश्न एकच असतो : "कायदा त्यांचा, ते ठीक. पण पैसा कोणाचा?" इतक्या वर्षांत मला यापेक्षा नेमका प्रश्न सापडलेला नाही.

आमचं काम जानेवारीत सुरू होत नाही. सप्टेंबरातच प्रत्येक खात्याकडून मागण्या मागवल्या जातात. त्या चाळून, काउंटी कौन्सिलपुढे ठेवून, लोकांचं म्हणणं ऐकून वर्षअखेरीला एक यादी ठरते : यंदा राज्याकडून आम्हाला काय हवं. मग ती एका तक्त्यात जाते. एका मागणीला एक ओळ आणि प्रत्येक ओळीला रंग. हिरवा म्हणजे झालं, लाल म्हणजे धोका, राखाडी म्हणजे मेलं, पिवळा म्हणजे अजून लटकलेलं. माझ्या वरिष्ठ बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला बजावलं होतं, की विधेयक मंजूर झालं म्हणून ओळ हिरवी करायची नाही. ती गोष्ट आपल्या माणसांपर्यंत पोचली की मगच हिरवी.

२०२० च्या यादीत पहिली ओळ शाळांच्या इमारतींची होती. ती लिहिण्याआधी मी एका प्राथमिक शाळेत जाऊन आले. मुलं वाढली आणि इमारत पुरेना, म्हणून मागच्या मैदानात सहा पोर्टेबल ठेवले होते. पोर्टेबल म्हणजे ट्रकवरून आणून ठेवलेली, लोखंडी पायांवर उभी असलेली एक-एक खोली. बाहेर लाकडी पायऱ्या, खिडकीशेजारी भिंतीत घुरघुरणारं हीटर. मी मागच्या बाकाजवळ उभी होते. डिसेंबरचा पाऊस पडत होता. सातेक वर्षांच्या एका मुलाने हात वर केला, वर्गाच्या बाईंनी मान हलवली, आणि तो खुंटीवरचं जॅकेट काढून चेन लावायला लागला. चेन अडकली. बाईंनी ती सोडवून दिली. मग त्याने गळ्यात लाकडी पास अडकवला, पायऱ्या उतरला आणि पावसातून मुख्य इमारतीकडे धावत गेला. स्वच्छतागृह तिकडेच. परत यायला त्याला नऊ मिनिटं लागली. बाई म्हणाल्या, "अशा हवेत काही मुलं दिवसभर पाणीच पीत नाहीत." मी ते वाक्य जसंच्या तसं आमच्या निवेदनात घातलं.

विधिमंडळात १४१ डेलिगेट आणि ४७ सिनेटर, आणि एका अधिवेशनात अडीच हजारांच्या आसपास विधेयकं. सगळी कोणीच वाचू शकत नाही, पण सगळ्यांवरून नजर फिरवावीच लागते. इथल्या विधेयकाचा कागद वाचायची एक पद्धत आहे आणि ती मला मनापासून आवडते. कायद्यात नव्याने घालायचा मजकूर मोठ्या अक्षरांत छापतात, जुन्यातला वगळायचा मजकूर चौकटी कंसात. पुढे दुरुस्ती झाली की घातलेल्या शब्दांखाली रेघ आणि काढलेल्या शब्दांवरून रेघ. एका पानावर कायद्याचा काल, आज आणि उद्या शेजारी-शेजारी दिसतो. सोबत विधिमंडळाच्या तज्ज्ञ कर्मचाऱ्यांनी तयार केलेलं खर्चाचं टिपण असतं. आमच्यासारखे लोक त्यात आधी एकच परिच्छेद शोधतात : स्थानिक सरकारांवर होणारा परिणाम. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे असतं.

एकदा मी चुकले. बरीच विधेयकं दोन्ही सभागृहांत एकाच वेळी जुळ्यासारखी मांडतात. अशाच एका जोडीतलं डेलिगेटांच्या सभागृहातलं विधेयक मी ओळ अन् ओळ वाचत होते, आणि सिनेटमधलं जुळं तसंच असेल असं धरून चालले होते. सिनेटच्या समितीने त्यात एका शब्दावरून रेघ मारली होती. काउंटी हे काम 'करू शकेल' होतं, तिथे 'करेल' झालं. मला ते दोन दिवसांनी दिसलं. तोवर समितीत मतदान होऊन गेलं होतं. वरिष्ठ बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फोन उचलला, दुसऱ्या सभागृहात आम्हाला ओळखणाऱ्या एका डेलिगेटला गाठलं आणि तिकडे तो शब्द वाचवला. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून मी दोन्ही कागद छापून, शेजारी ठेवून, पट्टी लावून वाचते.

यादीतल्या मागण्यांइतकाच वेळ यादीत नसलेल्या गोष्टींना लागतो. २०१९ च्या अधिवेशनात तुरुंगांबद्दलचं एक विधेयक आलं. काउंट्यांच्या तुरुंगांत येणाऱ्या प्रत्येकाची ओपिऑइडच्या व्यसनासाठी तपासणी करायची, आणि गरज असेल त्यांना मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फीन, नाल्ट्रेक्सोन या औषधांचे उपचार तुरुंगातच द्यायचे. त्याआधीच्या एका वर्षात, २०१८ मध्ये, राज्यात ओपिऑइडने दोन हजारांहून जास्त माणसं मेली होती. तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दिवस सर्वांत घातक. व्यसन सुटलेलं नसतं, पण शरीराची सवय मोडलेली असते, आणि जुनीच मात्रा जीव घेते. विधेयकाच्या हेतूबद्दल आमच्यात कोणालाच शंका नव्हती. पण आमच्या तुरुंगात रात्रपाळीला एकच नर्स होती. आमची भूमिका ठरली : दुरुस्तीसह समर्थन. निवेदन मी लिहिलं, दोन पानं.

सुनावणीला इथे कोणीही येऊन बोलू शकतं, वेळ बहुधा दोनेक मिनिटांचा. आमच्या तुरुंगप्रमुखांच्या आधी एक आई बोलायला बसली. मुलाचा शाळेतला फोटो तिने टेबलावर ठेवला, समितीकडे तोंड करून. तो सुटल्यावर चौथ्या दिवशी गेला, एवढंच तिने सांगितलं आणि उरलेला वेळ ती फोटोवर हात ठेवून बसली. अध्यक्षांनी तिला थांबवलं नाही. मग आमचे प्रमुख बसले. मी लिहिलेला कागद त्यांनी उलटा करून ठेवला. म्हणाले, "ही औषधं आमच्याकडे मिळायलाच हवीत. त्यासाठी नर्स कुठून आणू, तेवढं तुम्ही मला सांगा."

बाहेर कॉरिडॉरमध्ये त्या मुलाच्या आई माझ्याजवळ आल्या. माझ्या गळ्यातलं काउंटीचं ओळखपत्र त्यांनी वाचलं होतं. "तुम्ही आमच्या बाजूने आहात ना?" मी हो म्हटलं. "मग समर्थनापुढे आणखी शब्द का लिहिलेत?" मी नर्सचं सांगितलं, पैशांचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी खोटं काही बोलत नव्हते, आणि आजही त्याच विधेयकावर मी तेच लिहीन. नर्स नसताना दिलेला हुकूम कागदावरच राहतो. तरी त्यांच्यापुढे उभं राहून ते सांगणं फार जड गेलं, आणि जड जायलाच हवं होतं. कायदा मंजूर झाला. पहिल्या टप्प्यात चार काउंट्या, मग बाकीच्या, आणि २०२३ च्या जानेवारीपर्यंत सगळ्या, असं वेळापत्रक ठरलं. मी ती ओळ पिवळी ठेवून दरवर्षी पुढच्या तक्त्यात नेत राहिले. आमच्या तुरुंगात पहिला डोस दिला गेला त्या दिवशी प्रमुखांनी मला एका ओळीचा निरोप पाठवला. रात्रपाळीला तेव्हा तीन नर्स होत्या.

२०२० च्या पहिल्या ओळीचा प्रवास याहून वेडावाकडा झाला. 'बिल्ट टू लर्न' नावाचं विधेयक शाळांच्या बांधकामासाठी २.२ अब्ज डॉलर उभे करणारं होतं. मेरीलँड स्टेडियम अथॉरिटी, जी खेळांची मैदानं बांधते, तिने कर्जरोखे काढायचे आणि ते कॅसिनोंच्या उत्पन्नातून फेडायचे. मार्चच्या सुरुवातीला आम्ही खुशीत होतो. मग कोरोना आला. बाहेरच्यांना स्टेट हाउसमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीत, प्रवेश बंद झाला, आणि १८ मार्चला, ठरल्या तारखेच्या जवळजवळ तीन आठवडे आधी, अधिवेशन गुंडाळलं. यादवी युद्धानंतर असं प्रथमच घडत होतं. त्या शेवटच्या दिवसांत माझ्या तक्त्यातल्या ओळी एकामागून एक राखाडी झाल्या. चांगली, कोणाचाही विरोध नसलेली विधेयकं, केवळ दिवस संपले म्हणून गेली.

पहिली ओळ तरली. विधेयक मंजूर झालं. पण त्याच्या शेवटी एक कलम होतं : 'ब्लूप्रिंट फॉर मेरीलँड्स फ्यूचर' हे शिक्षणाचं मोठं विधेयक कायदा झालं, तरच हा कायदा लागू होईल. ब्लूप्रिंटही त्याच गडबडीत मंजूर झालं होतं. मे महिन्यात गव्हर्नर लॅरी होगन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. टाळेबंदीने राज्याचं उत्पन्न कोसळत असताना एवढा खर्च झेपणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या शाळांचे पैसे मंजूर होते आणि नव्हतेही. कौन्सिलचे सदस्य विचारायचे, अंदाजपत्रकात धरायचे का? आमचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, आकडा तर हवा होता. मी प्रत्येक वेळी तेच सांगायचे : पिवळं आहे, धरू नका. त्या वर्षी हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल, त्याला गणती नाही.

नकाराधिकार उलटवायला दोन्ही सभागृहांत तीन पंचमांश मतं लागतात. ते मतदान फेब्रुवारी २०२१ मध्ये झालं. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. शेजारी मुलगी कानाला हेडफोन लावून तिच्या ऑनलाइन वर्गात. पडद्यावर पारदर्शक प्लास्टिकच्या खोक्यांत एकेकटे बसलेले सिनेटर दिसत होते. ओट्यावर पोह्यांसाठी चिरलेला कांदा तसाच पडून होता. मतं मोजली गेली, नकाराधिकार पडला, आणि त्याबरोबर आमचं कलमही सुटलं. मी वरिष्ठ बाईंना फोन केला. दोघीही थोडा वेळ काही बोललो नाही. मग त्या म्हणाल्या, "रंग बदलू नकोस अजून." मला ठाऊकच होतं. तरी त्यांनी म्हटल्यावर बरं वाटलं.

त्यानंतर निविदा, आराखडे, महागलेलं स्टील, हे सगळं झालं. ती कामं इतरांची होती. मी फक्त दर अधिवेशनात ती ओळ पुढच्या तक्त्यात उतरवायची. २०२३ च्या ऑगस्टमध्ये शाळेचा नवा भाग तयार झाला आणि पोर्टेबल न्यायला ट्रक आले. मी जेवणाच्या सुट्टीत गाडी काढून गेले आणि कुंपणाबाहेर उभी राहिले. पहिली खोली उचलली, तेव्हा खालचं गवत फिकट पिवळं होतं, चौकोनी, कडा अगदी सरळ. त्यावर पेन्सिली पडल्या होत्या, एक हातमोजा होता आणि चेंडू होते. इतक्या वर्षांत पायऱ्यांखाली घरंगळून गेलेले, मुलांच्या हाताला न लागलेले. शाळेचे सफाई कर्मचारी बादली घेऊन आले आणि वाकून एकेक चेंडू गोळा करायला लागले. सहाव्या खोलीपर्यंत बादली भरली. मग त्यांनी दुसरी आणली.