दोन तिरक्या रेघा

प्रोग्राम अडला की आपण शंका असलेली ओळ पुसत नाही, तिच्यापुढे दोन तिरक्या रेघा मारतो. ओळ तिथंच असते, पण कंपायलर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आपल्या पेशीही हेच करतात, हे मला मामांच्या आजारपणात कळलं.

मामांना फुफ्फुसाचा कॅन्सर झाला. चाळीस वर्षं बिडी. रिपोर्टमधलं काहीच कळेना, म्हणून इंजिनिअरिंगची पुस्तकं बाजूला ठेवून मी बायोलॉजी वाचायला बसलो. (बारावीनंतर पहिल्यांदाच!) डीएनएमधल्या सायटोसिनला मिथाइल गट चिकटतो, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. जनुकाच्या सुरुवातीला असे गट दाटीनं बसले की ते जनुक गप्प. अक्षर एकही बदललेलं नाही. निरोगी शरीरालाही ही सोय लागते, नाहीतर डोळ्यातल्या पेशी यकृताची कामं करायला लागतील. पण फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा पी१६ हे जनुक असं गप्प होतं, आणि पी१६ म्हणजे पेशीविभाजनाचा ब्रेक. २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांना काही रुग्णांच्या थुंकीत या खुणा निदानाच्या तीन वर्षं आधीपर्यंत सापडल्या होत्या. तीन वर्षं! मामा तेव्हा गणपतीत रात्रभर जागत होते.

मग या रेघा पुसता येतील? ॲझासायटिडीन हे औषध सायटोसिनच्या जागी जाऊन बसतं आणि मिथाइल चिकटवणाऱ्या एन्झाइमलाच अडकवून ठेवतं. त्यामुळे पेशीच्या पुढच्या कॉपीत रेघा कमी उमटतात. रक्ताच्या एका आजारासाठी त्याला २००४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. फुफ्फुसाच्या कॅन्सरवर ते एन्टिनोस्टॅटच्या जोडीनं दिलं गेलं, त्याचे निकाल २०११ साली छापून आले. ४५ रुग्णांपैकी एकाचा कॅन्सर तपासणीत दिसेनासा झाला, एकाचा बराच आकसला. अडचण अशी की हे औषध जनुक निवडत नाही, सरसकट सगळ्या फाइलमधल्या रेघा पुसत सुटतं. फुफ्फुसाच्या कॅन्सरचा नेहमीचा उपचार ते अजून झालेलं नाही. मामांना केमोच मिळाली.

मामेभाऊ माझ्याच वयाचा, टपरीवरचा. "आता सोडून काय उपयोग? व्हायचं ते झालं असणार," म्हणतो. मी त्याला सांगितलं, सिगारेटमुळे रक्तातल्या डीएनएवरच्या मिथाइल खुणा बदलतात, एएचआरआर जनुकावरच्या तर हमखास, आणि सोडल्यावर त्यातल्या बऱ्याच काही वर्षांत पूर्ववत होतात.

"सगळ्या?"

"सगळ्या नाही."

त्यानं खिशातलं पाकीट काढलं, किती उरल्यात ते मोजलं आणि परत ठेवलं.